सातबारा आधी, आराखडा नंतर

कोकणातल्या बंद पडलेल्या जिल्हा परिषद शाळेच्या जागेवर वृद्धांसाठी सेवागृह आणि थोडी घरं बांधावीत, ही सूचना मला मनापासून पटली. पण आधी सातबारा काढून बघा. शाळेला जागा पुष्कळदा गावातल्याच कुणीतरी बक्षीसपत्राने दिलेली असते. त्यात ‘फक्त शाळेसाठी’ अशी अट असेल, तर वारसांना विश्वासात घ्या. ग्रामसभेचा ठराव तर हवाच.

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याला किमान १५० निराधार वृद्धांची सोय असलेला एक वृद्धाश्रम सुचवलाय. गावाला एवढा पसारा नको, वीस खाटा पुरेत. रात्री जागणारं माणूस मात्र पाहिजेच. माझी आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागायची. एक रात्र चुकली आणि माकडहाडापाशी कातडी लाल झाली. हे काम करणाऱ्या बायका रात्री दहाला एसटी पकडून कुठे जाणार? म्हणून नव्या घरांतली निदान चार त्यांच्यासाठी राखून ठेवा.

आणि शाळेच्या त्या जांभ्याच्या पायऱ्या! चाकाची खुर्ची फूटभर वर चढवायला बारा फूट लांब उतार लागतो. अंगणात तेवढी जागा आजच मोजून ठेवा.