सीआरपी (रक्तातली सुजेची तपासणी) नॉर्मल, तरी गुडघे दुखतात, मग सुजेची गोळी कशावर चालते?

रंकाळाकाठ:
आई ६४ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांत झीज, एक्स-रेत गॅप कमी आलीय. सकाळी भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जाते, पंधरा मिनिटांनी मोकळी होते, जोतिबाच्या पायऱ्या तर दोन वर्षं झाली सोडल्यात. रक्तात सीआरपी ३, आमवाताची तपासणी आरए फॅक्टर निगेटिव्ह, पण ईएसआर, म्हणजे सुजेचीच दुसरी तपासणी, ३२, तेवढंच ठळक अक्षरात छापलंय. डॉक्टरांनी सुजेची गोळी ॲसेक्लोफेनॅक पाचच दिवस दिलेली, आई मेडिकलमधनं स्ट्रिप आणून दोन महिने रोज दोन वेळा घेतीय, बीपीची गोळीपण चालू हाय. रक्तात सूज नाही तर ही गोळी करते काय? भाऊ म्हणाला दुखणं मनाचं, आई रडली ओ.

लॅबवाली_ताई:
पहिलं आईंना सांगा की दुखणं खरं आहे. सीआरपी लिव्हर बनवतं, अंगभर सूज असली की वाढतं. झिजेच्या संधिवातात सूज सांध्याच्या आतल्या अस्तरात असते, ती रक्तात बऱ्याचदा दिसतच नाही. हे रिपोर्ट काढायचे ते आमवात, इन्फेक्शन वगैरे नाही ना हे बघायला. ईएसआर वयानं वाढतो, बायकांत वय अधिक १०, त्याचं निम्मं, म्हणजे त्यांना ३७ पर्यंत चालतंय.

राजारामपुरी_फार्मा:
गोळी गुडघ्यातलं प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणं-सूज वाढवणारं रसायन, कमी करते म्हणून ठणका उतरतो, पण झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, काय परत येत नाही. आणि तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर सांभाळतं, किडनीचा रक्तपुरवठा राखतं, म्हणून दोन महिने रोज ही गोष्ट मला अजिबात पटत नाही. बीपीची गोळी कुठली ते स्ट्रिपवर बघा. टेल्मिसार्टनपुढं एच असेल तर त्यात लघवी वाढवणारं औषधपण असतं, तिन्ही मिळून किडनीवर ताण येतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करा, शौचाला काळी होते का विचारा, ती जठरातनं रक्त गेल्याची खूण असू शकते. बीपीची गोळी मात्र मनानं बंद करू नका हं. डायक्लोफेनॅकचं जेल चालेल का ते डॉक्टरांना विचारा, ते रक्तात फार कमी जातं.

उचगावची_सून:
आमच्या सासूबाईंना फरक पडला तो मांडीच्या व्यायामानं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, खाली दाबून पाच आकडे मोजायचे, सोडायचं, रोज दोनदा, आणि घरात कमोड बसवला. वजन एक किलो उतरलं तर पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो म्हणे फिजिओ, त्यांनी सात किलो उतरवलं, आता रंकाळ्याला सपाटीवर अर्धा तास चालतात.

रंकाळाकाठ:
स्ट्रिप बघितली, एचच हाय. सुजेची गोळी आजपासनं बंद, उद्या सकाळी रक्त देऊन डॉक्टरांकडं नेतोय. ताईंचा मेसेज भावाला मोठ्यानं वाचून दाखवला, आई शेजारीच बसलेली.