सहा महिने झाले, वजन दुप्पट झालं. आता रात्रीचं दूध बंद?

चांदोमामा
"वजन जन्माच्या दुप्पट झालं की रात्रीचं दूध बंद, रडलं तर थोपटा" असं एक टोक. "मागेल तितक्या वेळा पाजा, वर्षापर्यंत विषयच काढू नका" हे दुसरं. मी पहिल्याच्या जवळ आहे, म्हणून धागा काढतोय.

पहिल्या महिन्याबद्दल वाद नकोच. जन्मानंतर वजन 7 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरतं. ते भरून यायला 10 ते 14 दिवस लागतात आणि तोवर बाळ गाढ झोपलं असलं तरी दर तीन तासांनी उठवून पाजायचं. अडीच किलोच्या आतलं, दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा काविळीने सुस्तावलेलं बाळ असेल, तर डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत उठवायचं.

पुढचं बोलू. पूर्ण दिवसांचं बाळ, सहा महिने पुरे, वाढीच्या तक्त्यावर रेघ नीट वर जातेय, दिवसाला सहा तरी लंगोट ओले होतात, उष्टावण होऊन वरचं खाणं रुळलंय. असं बाळ रात्रीत तीनदा उठत असेल तर ते बहुधा सवयीने. हालचाल दिसली की लगेच उचलू नका, दोन मिनिटं थांबा. हलक्या झोपेत बाळं कण्हतात, हातपाय झाडतात आणि आपली आपण परत झोपतात. घेतलंच तर कान द्या. भुकेलं बाळ खोल ओढतं, प्रत्येक घोटाचा आवाज येतो. सवयीचं बाळ चार घोट घेऊन नुसतं चुळबुळतं.

अंगाई
'दुप्पट वजन' हा निकष आधी फेकून द्या. बहुतेक बाळं चार-पाच महिन्यांतच दुप्पट होतात, म्हणजे वरचं खाणं सुरू व्हायच्याही आधी. आणि 2.2 किलोचं बाळ दुप्पट होऊन 4.4 च होतं! त्याचं रात्रीचं दूध तोडणार?

दुसरं म्हणजे, तुमच्या यादीत आई कुठेच नाही. एका वेळी किती दूध साठतं हे प्रत्येकीचं वेगळं. जिच्याकडे कमी साठतं तिचं बाळ दिवसाचा कोटा दिवसातच पुरा करू शकत नाही. सलग आठ-दहा तास छाती भरलेली राहिली की शरीर दूध कमी बनवायला लागतं, मग दिवसाचंही आटतं. पाळी आली नसेल आणि स्तनपानावरच पाळणा लांबवायचा विचार असेल तर तो भरवसा सहा महिन्यांच्या आतच, तोही केवळ अंगावरच्या दुधावरच्या बाळाचा आणि रात्रीचं अंतर सहा तासांच्या आत असेल तरच.

नोकरीचं विसरू नका. बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची, म्हणजे आई कामावर जाते ती नेमकी या वयात. पाळणाघरात बाळ बाटलीला तोंड लावत नाही आणि संध्याकाळी सातपासून सकाळपर्यंत वसुली करतं. ती सवय नव्हे, ते त्याचं जेवण आहे.

वाटीचमचा
दोघेही दुधावरच भांडताय. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाचं रात्रीचं उठणं बऱ्याचदा वाटीत सापडतं.

या वयात दुधाव्यतिरिक्त साधारण 200 कॅलरी खाण्यातून जायला हव्यात, नवव्या महिन्यापासून सुमारे 300. आपल्याकडे काय भरवतात? डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज, पातळ केलेलं नाचणीचं सत्त्व. इवलंसं पोट पाण्याने भरतं आणि दोन तासांत रिकामं. आजी म्हणते "वाटीभर खाल्लं", पण त्या वाटीत 40 कॅलरीसुद्धा नसतात.

चमचा तिरका केला तर घास ओघळता कामा नये, इतकं घट्ट हवं. गुरगुट्या भात आणि मुगाचं घट्ट वरण हाताने कुस्करून (मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवू नका, तिथेच घोळ होतो), वर चमचाभर तूप. नुसत्या तुपाच्याच सुमारे 45 कॅलरी. सहाव्या-सातव्या महिन्यात दोन-तीन वेळा, पुढे तीन-चार वेळा. घरात चालत असेल तर अंड्याचा बलक, मासा. लोहाची खरी गरज याच वयात वाढते आणि दुधातून ती भागत नाही, रात्री कितीही पाजलंत तरी.

वजन तपासायचं तर महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, कपडे काढून. सहा ते नऊ महिन्यांत महिन्याला सरासरी 300 ग्रॅमच्या आसपास, नऊ ते बारामध्ये 230 च्या. वाढ मंदावते हे माहीत नसलं की "वजन वाढत नाही" म्हणून रात्रीची बाटली वाढवली जाते आणि सकाळचं खाणं बुडतं. अंगणवाडीच्या कार्डावरची रेघ दोन महिने आडवी दिसली तर मात्र रात्रीचं काहीही तोडू नका, आधी दाखवा.

चांदोमामा
वाटीबद्दल शंभर टक्के सहमत. अंगाई, नोकरीवाल्या आईचा मुद्दा मान्य, पण तो सहाव्या-सातव्या महिन्याचा. दहाव्या महिन्यात, तीन वेळा नीट जेवणाऱ्या बाळाला रात्री चारदा पाजण्याचं समर्थन त्यातून होत नाही.

निपलनको
पावडरच्या दुधावरच्या बाळांचं कोणी बोललंच नाही. त्यांचं सहा महिन्यांनंतर लवकर तुटतं, कारण आटण्याचा प्रश्न नाही. रात्री 120 मिली घेत असेल तर दर दुसऱ्या रात्री 20-30 मिली कमी करा. 50-60 वर आलं की ती बाटली बंद. पण पाणी वाढवून पातळ करत नेण्याचा 'घरगुती उपाय' करू नका. डब्यावरचं प्रमाण, बहुतेकांत 30 मिलीला एक सपाट चमचा, शेवटच्या बाटलीपर्यंत तेच. झोप लागावी म्हणून बाटलीत तांदळाची पिठी घालणंही बंद करा. ठसका लागायची भीती, झोप काही वाढत नाही. तोंडात बाटली ठेवून झोपवलं तर पुढचे दात किडतात.

अंगाई
@चांदोमामा, दहाव्या महिन्यात चारदा पाजाच असं मी म्हटलंच नाही. एकदम तोडण्याला विरोध आहे. अंगावरचं असेल तर किती मिनिटं पितं ते आधी बघा. पाच मिनिटांच्या आतलं पाजणं सरळ सोडा, थोपटून झोपवा. त्याहून मोठं असेल तर दर दुसऱ्या रात्री दोन मिनिटं कमी. एका वेळी एकच पाजणं कमी करा, नाहीतर गाठी होऊन ताप चढतो. छाती दगडासारखी लागली तर आराम पडेल इतकंच हाताने पिळून काढा, रिकामी करू नका. दिवसा अंधाऱ्या, शांत खोलीत पाजा. या वयाची बाळं टीव्ही चालू असला की अर्धवट सोडतात.

ताप, जुलाब, नवीन पाळणाघर यातलं काही असेल त्या आठवड्यात सुरुवात नको. कमी करत आणलं असेल आणि जुलाब लागले तर रात्रीचं पाजणं पुन्हा सुरू, मागेल तितकं.

चांदोमामा
जुलाबाचं मान्य. मिनिटांचंही. 'सवय' या शब्दावर मात्र मी अजून ठाम आहे.