वादळानंतर छत्रीला स्ट्रेंथ ८५, क्वालिटी ०

बोरीकाठ (ता. अमळनेर)
मंडळी, मी पुण्यात नोकरीला. चार दिवस रजेवर गावी आलोय, त्यातले तीन गच्चीवर गेले. गेल्या आठवड्यातल्या वादळात फ्री डिशची (दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा) छत्री, म्हणजे तबकडी, फिरली. बॉक्सवर सिग्नलची स्ट्रेंथ ८५ दिसते, क्वालिटी शून्य. वर मी पाना घेऊन, जिन्यात पुतण्या, खाली टीव्हीसमोर आई. मी विचारायचं, "उनं का?" (आलं का?) काल एकदाच आई म्हणाली, "उनं!" ते पुतण्यामार्फत वर येईपर्यंत माझा हात पुढे सरकलेला. लगेच, "गयं!" (गेलं!)

जुन्या धाब्यावर वडलांनी लावलेला काड्यांचा अँटेना अजून उभा आहे. त्यावर सह्याद्री लागेल का? आईला बातम्या तेवढ्या हव्यात.

मिस्त्रीकाका (धुळे)
काड्यांचा अँटेना आता कावळ्यांना बसायला. दूरदर्शनची जमिनीवरची अॅनालॉग केंद्रं २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी बंद झाली. पाइप कितीही फिरवा, समोरून काही येतच नाही.

छत्रीचं बोलू. स्ट्रेंथकडे बघूच नका भो, तबकडी भलतीकडे असली तरी ती दिसते. बघायची ती क्वालिटी. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. आपल्याकडून तो जवळजवळ नेमका आग्नेयेला आणि क्षितिजापासून ५८ अंश वर. तबकडी मात्र तेवढी वर बघताना दिसणार नाही, ३५ अंशांवर असल्यासारखी वाटेल. ती ऑफसेट असते, म्हणजे नाकासमोरून नाही तर वरून तिरका येणारा सिग्नल पकडते. त्यात काही चुकलेलं नाही.

आधी पाइपला ओळंबा लावा. वादळात छत्री फिरते त्याआधी पाइप कलतो. पाइप तिरका असेल तर बाजूला फिरवताना उंचीही बदलते, मग दिवसभर फिरवा. दोन फुटी तबकडीत एक अंश म्हणजे कडेला जेमतेम ५ मिलिमीटर. तुम्ही हातभर फिरवत असणार! नट अर्धे आवळा, बॉक्समध्ये फ्रिक्वेन्सी ११०९० व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाका आणि नखभर सरकवून पाच सेकंद थांबा. बॉक्सला पकडायला वेळ लागतो. शेवटी एलएनबी, म्हणजे तबकडीसमोर दांड्यावर बसवलेला सिग्नल पकडणारा डबा, स्वतःभोवती फिरवून बघा. आपल्या भागातून तो सरळ उभा चालत नाही, चाळीसेक अंश कलता लागतो.

होकायंत्र मोबाइलचं चालेल, पण लोखंडी पाइपपासून चार पावलं लांब उभं राहून बघा.

शहादेकर
काकांनी सगळं सांगितलं. पुतण्याला मात्र जिन्यातून सोडवा, आईंना व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर ठेवा. आणि आग्नेयेला लिंबाचं झाड वाढलंय का तेही बघा. मार्चच्या १०-११ तारखेच्या आसपास सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर ह्या उपग्रहामागे येतो, चित्र काही मिनिटं जातं. तेव्हा छत्रीवर झाडाची सावली पडत असेल तर फांदी आड येते असं समजा.

बोरीकाठ
लागलं! ओळंबा नव्हता, दोऱ्याला कुलूप बांधलं. पाइप चांगला दोन बोटं कललेला, खालचं सिमेंटच फुटलंय. सध्या पाचर ठोकून सरळ केलाय. क्वालिटी आधी २०, एलएनबी कलता केल्यावर ६८. केबलची पिनही हिरवी पडली होती, कापून नवी लावली.

व्हिडिओ कॉल फसला, आईने फोन उलटा ठेवला. पुतण्याच परत जिन्यात.

काका, पाचर पावसाळाभर टिकेल का? उद्या सकाळची गाडी आहे.

मिस्त्रीकाका (धुळे)
नाही टिकणार. रात्रीच घमेलंभर माल कालवून बुडात भरा. नट आवळायच्या आधी तबकडीच्या मागे पाइपवर खिळ्याने खूण करून ठेवा. पुढच्या वादळात पुतण्या एकटा बसवेल.