आगमनकाळातली शांती: तुमच्याकडे ती कुठून आली?

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतला, दुसरा रविवार आपल्याकडे अनेक घरांत शांतीचा म्हणून पाळतात. हिरव्या पानांच्या चक्रातली दुसरी जांभळी मेणबत्ती त्या दिवशी पेटते. वाचनांचं तीन वर्षांचं चक्र कुठेही असो, त्या रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, शुभवर्तमान (येशूच्या चरित्राचं वाचन) येतं ते अरण्यात 'पश्चात्ताप करा' अशी हाक देणाऱ्या योहानाचंच, कधी मत्तयाचं, कधी मार्काचं, कधी लूकचं. शांतीच्या रविवारी इतका कडक माणूस का, हा प्रश्न मला लहानपणापासून आहे.

उत्तर मला बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ११व्या अध्यायात सापडलं. लांडगा कोकराजवळ राहील हे चित्र सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या दोनच वचनं आधी येणारा राजा गोरगरिबांचा निवाडा नीतीने करतो, ते मात्र पटकन आठवत नाही. आधी निवाडा, मग कोकरू. बारूखच्या ग्रंथात यरुशलेमला नवं नाव मिळतं, त्यातही शांती आणि नीती जोडीनेच येतात.

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी वर गावाचं नाव देऊन आपापले अनुभव लिहावेत. ख्रिस्ती असलंच पाहिजे असं नाही. सुरुवात मी करते.

वसई

हरित वसईच्या चळवळीत आमच्या घरची माणसं होती. वाड्यांमधल्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून बाहेर जात होतं, शेतजमिनींवर इमारतींचा डोळा होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे उभे राहिले. फादरांनी देऊळ सांभाळावं, या भानगडीत पडू नये, असं म्हणणारे आमच्या आळीतही होते. आजी त्यांना विचारायची, "विहीर आटल्यावर कसली शांती मागायची?" ती शाळेत फार शिकलेली नव्हती, पण यशया तिला नीट कळला होता.

२०२४च्या जुलैत फादर गेले. त्यानंतरच्या आगमनकाळात संध्याकाळी प्रार्थनेला बसलो तेव्हा आईने नेहमीच्या विनंत्यांमध्ये एक वाढवली: विहिरींसाठी. आता ती रोजच म्हटली जाते.

सावंतवाडीजवळचं गाव

माझे बाबा आणि काका यांच्यात विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवरून कोर्टात केस होती. काकांनी वाटेत खुटे मारून कुंपण घातलं होतं. दोघेही एकाच चर्चमध्ये, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. मिस्सेत "एकमेकांना शांती द्या" म्हटलं की बाबा मागच्या बाकाकडे वळायचे.

एका डिसेंबरात नाताळाआधीच्या कुमसाराला, म्हणजे फादरांजवळ पापं कबूल करायला, काका जाऊन आले. आत काय बोलणं झालं ते कोण विचारणार, आणि विचारूही नये. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या खळ्यात येऊन उभे राहिले. बसले नाहीत. म्हणाले, "खुटे काढूक सांगलंय गड्यांका. वाट तुझी पण आसा." आई चहा ठेवायला वळली तोवर निघूनही गेले.

केस त्यानंतरही बरेच महिने चालली, कारण कागद मागे घ्यायलाही तारखा लागतात. दोघे भाऊ गळ्यात गळे घालून फिरू लागले असंही नाही. पण त्या वाटेने आईची कळशी गेली. यशयाच्या ४०व्या अध्यायात उंचसखल जमीन सपाट करून वाट तयार करायला सांगितलंय, ते वाचन लागलं की मला तेच कुंपण दिसतं.

वेंगुर्ला

नवरा बोटीवर असतो, परदेशी कंपनीच्या. आमच्या वाडीतल्या बऱ्याच घरांची हीच कथा. नाताळ जवळ आला की सगळे विचारतात, यंदा येणार का? करार संपल्याशिवाय कसा येणार?

वरचं वाचून सांगावंसं वाटतं की प्रत्येकाची शांती काहीतरी मिटवून येत नाही. माझ्याकडे मिटवायला भांडण नाहीच. मेणबत्ती लावते तेव्हा मन अस्वस्थ असतं, वादळाच्या बातम्या डोक्यात असतात. पूर्वी वाटायचं, असं मन घेऊन देवासमोर बसणं बरं नाही. आमच्या जुन्या फादरांनी एकदा प्रवचनात मरियेचा प्रवास सांगितला: दिवस भरलेली बाई, नासरेथहून बेथलेहेमपर्यंतची वाट, आणि पोचल्यावर जागा नाही. तिचं मन तरी कुठे निवांत असेल? तेव्हापासून मी अस्वस्थपणासकटच बसते. मुलगी नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी वाटीत नाचणी रुजवते आणि रोज कोंब किती वाढले ते बाबाला फोनवर दाखवते.

रेवदंडा

मी इतिहास शिकवतो, म्हणून थोडं त्या अंगाने. लूकच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत पृथ्वीवर शांती गातात. त्याच अध्यायाच्या पहिल्या वाक्यात कैसर ऑगस्टस आहे, नावनिशी लिहिण्याचा हुकूम काढणारा. त्याच्या नावाने रोममध्ये शांतीची संगमरवरी वेदी उभी होती, इ.स.पू. ९ मध्ये अर्पण केलेली. ती शांती जिंकून आणलेली होती, कर भरून टिकवायची होती. लूकने दोन्ही शांती एकाच अध्यायात ठेवल्या, आणि दुसरीची बातमी मेंढपाळांना आधी दिली. मला हे फार मोठं वाटतं.

आपल्या किनाऱ्यालाही जिंकण्याहरण्याचा इतिहास आहे. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला अशी एक आहे. कोर्लईच्या एका ख्रिस्ती मित्रासोबत ती पाहायला गेलो होतो. घरी अजून जुनी पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारा हा माणूस. मला थोडा संकोच वाटत होता. त्याने घंटेवरच्या क्रुसाला हात लावून कपाळाला नेला आणि मग रांगेत उभा राहून महादेवाचं दर्शन घेतलं. परतीच्या प्रवासात तो म्हणाला, घंटा वाजते आहे ना, मग झालं.

कुडाळ

आम्ही हिंदू, शेजार ख्रिस्ती. दिवाळीला आमचा फराळ तिकडे, नाताळात त्यांच्या नेवऱ्या आणि दोदोल इकडे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्याकडे घट असतो आणि त्यांच्याकडे जांभळी मेणबत्ती, हे दोन्ही बरोबर येतं याची मला लहानपणी मजा वाटायची. बाजारात तारे आणि दिवे लागले तरी शेजारची माय घाई करत नाही. बाळ अजून यायचंय, म्हणते.

मालवण

रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढण्यात, माझे वडील होते, मीही आहे. दोरीला हात लावलेल्याला वाटा मिळतो, मग तो कुठल्या वाडीचा, कुठल्या देवाचा हे कोणी विचारत नाही. मला शांतीचा अर्थ याहून वेगळा शिकवावा लागला नाही.

आता रात्री किनाऱ्यावरून समुद्रात दिवे दिसतात. एलईडीच्या उजेडात मासळी गोळा करून ओढणं कायद्याने बंद आहे, तरी दिसतात. सकाळी आमचं जाळं हलकं येतं. लूकमध्ये लोक योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. समुद्राबाबत मला दुसरं काही मागायचं नाही.

या आगमनकाळात आम्ही ख्रिस्ती आणि गाबीत (इथले हिंदू मच्छीमार) मिळून पुन्हा अर्ज लिहितोय. मागच्या अर्जांचं उत्तर आलेलं नाही. मच्छीमारी कायद्याची माहिती असलेलं कोणी हे वाचत असेल तर मसुदा तपासायला मदत हवी आहे, जमलं तर नाताळाच्या आधी.