वेपची बॅटरी फुटली तर दोष कुणाचा?

सोल्डरवाला: आपल्याकडे २०१९ पासून वेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर बंदी आहे, ती निकोटीनपायी. बॅटरीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मे २०१८ मध्ये फ्लोरिडात वेप फुटून एकजण गेला, जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासात दुसरा. त्याच्या मानेतली धमनी तुकड्याने चिरली. फ्लोरिडातलं यंत्र ‘मेकॅनिकल मॉड’ होतं. बटण दाबलं की सेल थेट कॉइलला, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेला! मध्ये ना सर्किट, ना आपोआप वीज तोडणारा कटऑफ. निदान असली यंत्रं तरी जगभर बंद व्हावीत.

धूरकट: लिथियम सेल मोबाइलमध्येही असतो. तोही बंद करा मग! सुटे सेल नाण्यांबरोबर, किल्ल्यांबरोबर खिशात कोंबणाऱ्याला यंत्र काय करणार?

सोल्डरवाला: मोबाइलचा सेल चपटा, बहुधा आधी फुगून दिसतो. वेपचा १८६५० म्हणजे १८ मिमी जाडीची, ६५ मिमी लांबीची पोलादी नळकांडी, वर यंत्राचीही नळीच. दाब टोकाकडून सुटला की अख्खं यंत्र रॉकेटसारखं उडतं, आणि ते असतं तोंडाशी. शिवाय त्या सेलचं सगळं अंग निगेटिव्ह. वरच्या पॉझिटिव्ह टोकाच्या कडेला आडवं असतं ते फक्त प्लास्टिकचं पातळ वेष्टन आणि एक वॉशर. तिथे वेष्टन नखभर सोललं तरी शॉर्ट व्हायला पुरे. हे कोण तपासतो, सांगा.

पनवेलची_ताई: दोघेही मूळ मुद्दा सोडून बोलताय. कायदेशीर विकायच्या लिथियम सेलला आपल्याकडे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते. वेप चोरून येतो, त्यामुळे ना नोंदणी, ना बिल, ना तक्रार करायला जागा. बंदीने बॅटरी आणखी वाईट झाली.

सोल्डरवाला: ताई, ब्रिटनमध्ये वेप उघड विकला जातो. तिथेही डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायचे वेप कचऱ्यात जायचे, दाबले गेले की कचऱ्याच्या गाडीत आग. शेवटी १ जून २०२५ पासून त्यांनी डिस्पोजेबल विकणंच बंद केलं.

पनवेलची_ताई: बरोबर, पण एक प्रकार बंद केला, सगळे नाही. पुन्हा चार्ज होणारे अजून दुकानात मिळतात, नियमांत बसवून. आपण सगळंच बंद करून डोळे मिटले. इथे पहिल्या गुन्ह्याला विकणाऱ्याला वर्षभर कैद किंवा लाखाचा दंड होऊ शकतो, तरी माल मिळतोच ना?

धूरकट: मिळतो. आणि सोबतचा चार्जर बघितलात तर सेलची भीती विसराल.