'वॉटर' हे नाम की क्रियापद?

प्रश्न (खानापूर): मी मराठी माध्यमाच्या आठवीला इंग्रजी शिकवते. 'वॉटर द प्लांट्स' या वाक्यातील 'वॉटर' क्रियापद कसे, असे एका मुलीने विचारले, कारण तिच्या वहीत त्याचा अर्थ 'पाणी' एवढाच लिहिलेला होता. तिला काय सांगावे?

उत्तर (बेळगाव): बाई, इंग्रजीत शब्दाची जात बहुधा वाक्यातील जागेवरून ठरते. जुन्या इंग्रजीत 'प्रेम' या नामासाठी 'लुवु' आणि क्रियापदासाठी 'लुवियन' अशी वेगळी रूपे होती; पुढे शेवटचे प्रत्यय झिजत गेले आणि दोन्हींसाठी 'लव्ह' एवढेच उरले.

उत्तर (निपाणी): 'खेळ रंगला' आणि 'बाळा, खेळ' हेही तिला दाखवावे, मात्र मराठीत हे साम्य आज्ञार्थापुरतेच असते, 'खेळतो' म्हणताच प्रत्यय येतो. कन्नडमध्ये तर नाम 'आट' आणि धातू 'आडु'. (आमच्या गल्लीत 'फोन' मात्र मराठीत 'करतात' आणि कन्नडमध्ये 'माडतात'.)

प्रश्नकर्ती: आभारी आहे. 'रेकॉर्ड'चेही असेच आहे का?

उत्तर (बेळगाव): तेथे लेखन तेच राहते, पण नामात आघात (उच्चारातला जोर) पहिल्या अवयवावर, म्हणजे 'रे'वर, आणि क्रियापदात दुसऱ्यावर, म्हणजे 'कॉर्ड'वर येतो.