संध्याकाळच्या वर्गात पुन्हा पाठ्यपुस्तक कशाला?

चर्चाप्रस्ताव
आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी पाच ते सात या वेळात सहावी ते आठवीची तीसेक मुले येतात, आणि या वर्षी त्यांच्यासाठी घटकवार अभ्यासक्रम आखावा असा देणगीदारांचा आग्रह आहे. शिक्षण हक्क कायद्याने या इयत्तांसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिलेले आहे. इतके तास बाकावर बसलेल्या मुलाला संध्याकाळी पुन्हा तेच पुस्तक उघडायला लावणे मला पटत नाही. लगोरी, नाटुकली, वस्तीचा नकाशा काढणे एवढे पुरे.

प्रतिसाद १
विरोध नोंदवतो. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या, २००५ पासूनच्या 'असर' पाहण्यांत वाचनाची सर्वांत वरची पायरी म्हणजे दुसरीच्या पातळीचा उतारा, आणि त्यावर अडखळणारी सातवीतली मुले मी रोज पाहतो. ज्यांच्या घरी शिकवणीची ऐपत आहे त्यांची उणीव तिथे भरून निघते. आपल्या मुलांकडे मात्र हेच दोन तास आहेत. पाठ्यपुस्तक नको, हे मान्य. पण 'प्रथम' या शिक्षणक्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थेने रुजवलेल्या पद्धतीप्रमाणे इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीनुसार गट पाडावेत आणि रोजचा पहिला पाऊण तास त्यालाच द्यावा.

प्रतिसाद २
पातळीनुसार गट पाडले की सातवीतला मुलगा चौथीतल्या बहिणीशेजारी बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून येत नाही. आमच्याकडे असे दोघे गेले. त्यापेक्षा कबड्डीच्या सामन्यात त्यालाच गुणलेखक करा. चढाई, बोनस, लोण यांची नोंद ठेवताना बेरीज आणि लेखन दोन्ही होते.

प्रतिसाद १
खेळात गणित दडवून ठेवले की मुलांना ते ताबडतोब कळते, आणि मग खेळही जातो. शिवाय गुणलेखक एकच असतो. उरलेल्यांच्या वाचनाचे काय? बहिणीशेजारी बसण्याची लाज खरी आहे, म्हणून मोठ्यांचा गट वेगळ्या वेळी घ्यावा.

चर्चाप्रस्तावक
वेगळी वेळ म्हणजे सातनंतर, आणि त्या वेळी मुलींना घरून सोडत नाहीत. पाऊण तासाऐवजी वीस मिनिटे वाचनाला देऊन पाहीन, मात्र उतारे मुलांनी स्वतःच काढलेल्या नकाशाबद्दल लिहिलेले असतील. देणगीदारांना घटकवार तक्ता हवा असल्यास तो महिनाअखेरीस, झालेल्या कामावरून भरून देऊ.